पाच माणसांपासून पाचशेपर्यंत: वाढत्या स्टार्टअपच्या नेतृत्वाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थापक, नव्याने व्यवस्थापक झालेले आणि पहिल्या फळीतले कर्मचारी पुन्हापुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. विषय दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे फक्त त्याचा क्रमांक दिला आहे. माणसांचे आकडे ढोबळ आहेत. कामाच्या स्वरूपानुसार ते थोडे पुढेमागे होतात.

१. आजवर जे जमत आलं तेच पुढे का चालत नाही?

कारण माणसं एकेक करून वाढतात, पण त्यांच्यातले धागे त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. ५ जणांत बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात, १० जणांत ४५, ५० जणांत १,२२५ आणि १५० जणांत ११,१७५. पाच जणांच्या खोलीत एकाने ग्राहकाला फोनवर काय कबूल केलं ते उरलेल्या चौघांच्या कानावर आपोआप पडतं. पन्नास जणांत ते पडत नाही. मग "हल्ली कोणी कोणाला काही सांगत नाही" अशी तक्रार सुरू होते. माणसं तीच असतात. माहिती आपोआप पोहोचण्याची सोय संपलेली असते.

साधारण १५ ते २५ च्या दरम्यान संस्थापकाला प्रत्येकाचं काम ठाऊक असणं थांबतं. ५० च्या आसपास व्यवस्थापकांचा पहिला थर लागतो. १५० च्या पुढे लोक एकमेकांना नावाने ओळखेनासे होतात (मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी स्थिर सामाजिक ओळखीची मर्यादा साधारण एवढीच मांडली आहे), आणि विभागाविभागांत "ते" आणि "आपण" सुरू होतं. पुढे संस्थापकाने सांगितलेली गोष्ट दोन-तीन थरांतून जाता जाता बदलून पोहोचते. यातला प्रत्येक टप्पा यायच्या आधी सहा महिने तयारी हवी. मोडल्यावर दुरुस्त करणं फार महागात पडतं.

२. मी संस्थापक आहे आणि अजूनही स्वतः कोड लिहितो, विक्रीला जातो. हे कधी थांबवायचं?

तुमच्यामुळे दुसऱ्याचं काम अडायला लागलं की. दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा: "तुमच्या उत्तराची वाट बघतोय" असं किती जणांनी, कशासाठी म्हटलं. एकाच प्रकारचं काम तीनदा दिसलं तर ते सोपवायच्या यादीत पहिलं.

सगळं एकदम सोडू नका. आधी वेळापत्रकात अडकलेलं काम सोडा, म्हणजे ज्याला उशीर झाला तर इतरांचं काम थांबतं असं. उत्पादनाचा मुख्य भाग लिहिणं हे त्यातलं. ग्राहकांशी बोलणं मात्र शेवटपर्यंत ठेवा. आठवड्याला दोन ग्राहक, मधल्या माणसांशिवाय, ही सवय हजार माणसांच्या कंपनीतही परवडते. ती सुटली की संस्थापकाला बाजाराची बातमी फक्त सादरीकरणांतून कळते, आणि सादरीकरणात वाईट बातमी नेहमी शेवटच्या पानावर असते.

३. काम सोपवतो, पण ते फिरून माझ्याकडेच येतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा काम दिलेलं असतं, अधिकार दिलेला नसतो. सोपवताना पाच गोष्टी लिहून द्या: काय साध्य व्हायला हवं, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्च न विचारता करता येईल, कोणती गोष्ट विचारल्याशिवाय करायची नाही, आणि मध्ये कोणत्या दोन दिवशी काम दाखवायचं. कसं करायचं ते लिहू नका.

मग येते खरी परीक्षा. ती व्यक्ती चार दिवसांनी येऊन विचारते, "यात काय करू?" तुम्ही उत्तर दिलंत की काम परत तुमच्या टेबलावर आलं. "तुम्हाला काय योग्य वाटतं, आणि का?" एवढं विचारा. तिचा पर्याय तुमच्या पर्यायापेक्षा थोडा कमी चांगला असेल, पण नुकसान भरून येण्यासारखं असेल, तर तो होऊ द्या.

दुसरी चूक कॉरिडॉरमध्ये होते. विभागप्रमुखाने घेतलेल्या निर्णयावर संस्थापक जाता जाता त्याच्या टीममधल्या कोणाला तरी म्हणतो, "हे असं का केलं? बदला ना." त्या क्षणापासून टीम विभागप्रमुखाचं ऐकणं बंद करते. मत द्यायचंच असेल तर त्या प्रमुखाला, एकांतात, आणि "हे माझं मत आहे, आदेश नाही" किंवा "हा आदेश आहे" हे स्पष्ट सांगून. तुमच्या दृष्टीने सहज बोललेलं वाक्य समोरच्यासाठी त्या आठवड्याचं काम ठरतं.

४. प्रत्येक निर्णयाला इतका वेळ का लागतो? कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे कसं ठरवायचं?

निर्णय परत फिरवता येतो का, हा पहिला प्रश्न. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात ही विभागणी मांडली: काही दरवाजे दोन्ही बाजूंनी उघडतात, काही एकाच. मोठ्या होत जाणाऱ्या कंपन्या परत फिरवता येणाऱ्या निर्णयांनाही परत न फिरवता येणाऱ्यांसारखीच छाननी लावतात आणि मंदावतात.

किंमत तपासून बघणं, एखादं वैशिष्ट्य थोड्या ग्राहकांना दाखवणं, बैठकीची पद्धत बदलणं हे निर्णय कामाच्या सर्वांत जवळच्या माणसाने एका दिवसात घ्यावेत. मोठा वरिष्ठ नेमणं, शेअर देणं, दीर्घ मुदतीचा करार, ग्राहकांची माहिती बाहेर देणं हे सावकाश आणि लेखी. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०११ मध्ये डीव्हीडीचा धंदा 'क्विकस्टर' नावाने वेगळा करण्याचं जाहीर केलं आणि ग्राहक भडकल्यावर ऑक्टोबरमध्ये ते रद्द केलं. त्या वर्षी कंपनीला मोठा फटका बसला, पण वेगळेपण अजून प्रत्यक्षात आलं नव्हतं म्हणूनच मागे फिरता आलं.

प्रत्येक मोठ्या निर्णयाला एकच मालक असावा आणि त्याचं नाव लिहिलेलं असावं. "आपण सगळ्यांनी मिळून ठरवू" हे दहा जणांत चालतं, चाळीस जणांत त्याचा अर्थ "कोणीच ठरवणार नाही" असा होतो.

५. एका व्यवस्थापकाखाली किती माणसं असावीत?

नव्या व्यवस्थापकाकडे ४ ते ५, अनुभवी व्यवस्थापकाकडे ७ ते ८. काम ठरावीक साच्यातलं असेल तर १२ ते १५ सुद्धा चालतात. हिशोब सोपा आहे: प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास स्वतंत्र बोलणं, त्याची तयारी आणि त्यानंतरची कामं धरून माणशी दोन-तीन तास जातात. आठ माणसांत आठवड्याचा जवळपास निम्मा वेळ संपतो. दोन-तीन माणसांमागे एक व्यवस्थापक नेमलात तर थर वाढतात आणि ती व्यक्ती रिकामा वेळ इतरांच्या कामात नाक खुपसण्यात घालवते.

"व्यवस्थापक नकोतच" हा विचारही अनेकांना सुचतो. गूगलने सुरुवातीच्या काळात इंजिनिअरिंगचे व्यवस्थापक काढून टाकून पाहिले. खर्चाच्या मंजुऱ्यांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे येऊ लागलं आणि प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला.

६. सर्वांत चांगल्या इंजिनिअरला व्यवस्थापक केलं. आता कामही नीट होत नाही आणि टीमही नाराज आहे. काय करू?

बढतीचा दुसरा रस्ताच नसल्यामुळे हे घडतं. पगार आणि मान वाढवायचा तर माणसं सांभाळायलाच हवीत, असा नियम नकळत तयार होतो. तज्ज्ञांसाठी समांतर श्रेणी ठेवा. वरिष्ठ तज्ज्ञाचा पगार व्यवस्थापकाइतका किंवा जास्त असू शकतो हे कागदावर आणा आणि एकदा तरी प्रत्यक्षात करून दाखवा, नाहीतर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

नव्याने नेमताना सहा महिन्यांची मुदत ठेवा आणि परतीचा रस्ता आधीच सांगा: जमलं नाही किंवा आवडलं नाही तर पगार कमी न होता मूळ कामावर. आत्ता ज्यांना आधीच नेमलंय त्यांना हाच पर्याय आजही देता येतो. टीमसमोर तो बदल त्यांनी स्वतः सांगावा.

७. वर्षभरात दुप्पट व्हायचं आहे. भरती किती वेगाने करावी?

आधी आतल्या माणसांचे तास मोजा. समजा एका जागेसाठी २० जणांशी अर्धा तास फोनवर बोलायचं, त्यातल्या ६ जणांच्या प्रत्येकी ४ मुलाखती एकेक तासाच्या, आणि प्रत्येक मुलाखतीनंतर अर्धा तास लेखी अभिप्राय. हे १० + २४ + १२ म्हणजे ४६ तास. अशा ४० जागा भरायच्या तर १,८४० तास, म्हणजे एका माणसाचं जवळजवळ पूर्ण वर्ष. हे वर्ष तुमच्या सर्वांत चांगल्या माणसांच्या वेळेतून जातं आणि कोणत्याही नियोजनात ते लिहिलेलं नसतं.

दुसरा हिशोब जुन्या-नव्यांचा. कंपनी वर्षात दुप्पट झाली की निम्मी माणसं वर्षाच्या आतली असतात. त्यांना कामाची पद्धत शिकवणारे उरलेले निम्मे स्वतःच दमलेले असतात. म्हणून कोणत्याही एका टीममध्ये तीन महिन्यांत एक तृतीयांशापेक्षा जास्त नवी माणसं येऊ देऊ नयेत, असं आम्ही सुचवतो. त्याहून घाई असेल तर नवी टीम करा आणि तिच्यात दोन जुनी माणसं हलवा.

मुलाखतीत काय बघायचं ते चार निकषांत आधी लिहा आणि प्रत्येक मुलाखतकाराला एकच निकष द्या. अभिप्राय आपसात बोलण्याआधी लिहून घ्या. असं केलं नाही तर सगळे तेच प्रश्न विचारतात आणि पहिल्या मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं.

८. मोठ्या कंपनीतून अनुभवी अधिकारी आणला, सहा महिन्यांत गेला. दोष कोणाचा?

बहुतेकदा नेमणुकीचा. पाचशे जणांचा विभाग चालवणं आणि पाच जणांपासून तो उभा करणं ही वेगळी कामं आहेत. मुलाखतीत "तुम्ही शून्यातून काय उभं केलं, त्यात स्वतःच्या हाताने काय केलं?" हे खोदून विचारा. उत्तरात प्रत्येक वाक्याला "माझ्या टीमने" येत असेल तर थांबा. आत्ताच्या आकारापेक्षा दोन ते तीन पट मोठी कंपनी सांभाळलेली व्यक्ती शोधा. शंभर पट मोठ्या कंपनीतला अनुभव इथे फारसा चालत नाही.

आल्यावर पहिले ३० दिवस फक्त ऐकायचं, आणि त्यांच्याकडून शेवटी दोन पानी टिपण घ्यायचं: काय चांगलं चाललंय, काय मोडलंय. ६० व्या दिवसापर्यंत एखादी छोटी, सर्वांना दिसेल अशी सुधारणा. ९० व्या दिवशी संस्थापकाने मोकळेपणाने बसून विचारायचं की दोघांनाही हे जमतंय का. या काळात संस्थापकाने दर आठवड्याला तासभर द्यावा. "अनुभवी आहेत, बघून घेतील" म्हणून सोडून देणं हेच जाण्याचं सर्वांत मोठं कारण असतं.

९. सुरुवातीपासून सोबत असलेले काही जण आता कमी पडतायत. त्यांच्याशी कसं वागावं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त टाळला जातो. दोन वर्षं टाळला की शेवट कडवटच होतो.

आधी नीट पाहा की माणूस कमी पडतोय की काम बदललंय. ज्याने पहिले शंभर ग्राहक एकट्याने आणले त्याला वीस विक्रेत्यांची टीम, त्यांचे भाग आणि महिन्याचे अंदाज सांभाळायला सांगितलं तर ते निराळं काम आहे. त्याला शिकायला वेळ आणि मदत मिळाली का? दोन स्पष्ट उद्दिष्टं, तीन महिने आणि ज्याने हे आधी केलंय अशा कोणाचं तरी मार्गदर्शन, इतकं दिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तरीही जमलं नाही तर त्यांच्यावर कोणीतरी नेमावं लागतं. ही बातमी जाहिरात निघण्याआधी, तुमच्या तोंडून कळली पाहिजे. "ही जागा आता दोनशे जणांच्या विभागाची आहे, त्यासाठी मी बाहेरून शोधतोय. तुमच्यासाठी मला हे दोन पर्याय दिसतात" असं सरळ बोला. निवडीत त्यांचं मत घ्या, पण नकाराधिकार देऊ नका. त्यांचे शेअर त्यांनी कमावलेले आहेत. त्यात काटछाट करण्याचा विचारही करू नये.

या दुखण्याचं मूळ अनेकदा पहिल्या वर्षातल्या पदांत असतं. सात जणांच्या कंपनीत तीन उपाध्यक्ष आणि एक मुख्य तंत्रज्ञान अधिकारी नेमले की पुढची प्रत्येक वाढ कोणाची तरी पदावनती ठरते. सुरुवातीला साधी पदं द्या, 'विक्री प्रमुख', 'उत्पादन प्रमुख' यांच्या पुढे जाऊ नका. ज्यांना नव्या रचनेत जागाच उरत नाही त्यांना सन्मानाने, पुरेसा अवधी आणि खरं कारण सांगून निरोप द्या. राहिलेले सगळे ते बारकाईने पाहत असतात.

१०. नियम आणले की लोक म्हणतात, स्टार्टअपची मजा गेली. किती प्रक्रिया पुरेशी?

एकच चूक दुसऱ्यांदा झाली आणि ती महाग असेल तर प्रक्रिया हवी. पहिल्यांदा झालेल्या किंवा स्वस्त चुकीसाठी नको. प्रत्येक नियमावर कोणाचं तरी नाव आणि पुनर्विचाराची तारीख लिहा; वर्षभरात कोणी त्याचं समर्थन केलं नाही तर तो रद्द.

उलट टोकही लक्षात असू द्या. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीने नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवलं, त्यातला एक राहून गेला. त्यावर पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलर गमावले. दुसऱ्या माणसाने तपासायची एक यादी, एवढीच प्रक्रिया तिथे कमी होती. पैसा, सुरक्षा आणि ग्राहकांची माहिती या तीन ठिकाणी पहिल्या चुकीची वाट पाहू नका.

११. सगळ्यांना आकड्यांची उद्दिष्टं दिली, आकडे गाठले, तरी धंदा सुधारला नाही. असं का?

मोजमाप हेच ध्येय झालं की लोक मोजमाप सांभाळतात. वेल्स फार्गो बँकेत एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकण्याची लक्ष्यं होती. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना काढल्याचं समोर आलं.

म्हणून प्रत्येक आकड्यासोबत त्याचा विरोधी आकडा लावा. नव्या ग्राहकांच्या संख्येसोबत तीन महिन्यांनी टिकलेल्यांची संख्या. तक्रारी निकाली काढण्याच्या वेगासोबत पुन्हा उघडलेल्या तक्रारी. अँडी ग्रोव्ह यांच्या काळात इंटेलमध्ये तयार झालेली आणि जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेलेली 'ओकेआर' पद्धत (मोजकी उद्दिष्टं आणि प्रत्येकाखाली मोजता येणारे निकाल) उपयोगी आहे. पण तिमाहीला तीनच उद्दिष्टं, प्रत्येकाखाली तीन-चार निकाल, आणि पगारवाढीशी थेट सांगड नाही, या तीन अटी पाळल्या तरच. पगार जोडला की लोक सहज गाठता येतील अशीच उद्दिष्टं लिहितात.

१२. बैठकांचा सुळसुळाट झालाय. कोणत्या ठेवाव्यात?

चार पुरेशा: व्यवस्थापक आणि प्रत्येक सदस्याची आठवड्याला अर्धा तास, टीमची आठवड्याला एक, विभागप्रमुखांची आठवड्याला ९० मिनिटं, आणि सगळ्या कंपनीची महिन्याला एक. बाकीच्या तिमाहीच्या सुरुवातीला सरसकट रद्द करा. ज्या खरंच हव्या असतील त्या आपोआप परत येतात. माहिती सांगायची असेल तर लिहून पाठवा, बैठक फक्त ठरवण्यासाठी.

१३. दोन सहसंस्थापकांचं पटत नाही. कंपनी वाचवायची कशी?

भांडण बहुधा हद्दीवरून असतं. कोणत्या विषयात कोणाचा शब्द अंतिम ते एका पानावर लिहा: उत्पादन, नेमणुका, पैसा, विक्री. एकही विषय 'दोघांचा' ठेवू नका. मतभेद टीमसमोर काढायचे नाहीत, कारण लोक बाजू घेतात आणि त्या बाजू वर्षानुवर्षं टिकतात.

शेअर हळूहळू हक्काचे होण्याची अट सुरुवातीपासून हवी. सर्वसाधारण पद्धत चार वर्षांची: पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर २५ टक्के, पुढे दर महिन्याला थोडे. ही अट नसेल आणि एक जण आठव्या महिन्यात निघून गेला तर अर्धी कंपनी काम न करणाऱ्याच्या नावावर राहते. ५०-५० वाटणी असेल तर कोंडी झाल्यास कोण सोडवणार हे करारात घाला, संबंध चांगले असतानाच.

१४. संस्थापकानेच मुख्याधिकारी राहावं का?

दोन्ही बाजूंनी उदाहरणं आहेत. गूगलने २००१ मध्ये एरिक श्मिट यांना आणलं. संस्थापक सोबत राहिले आणि २०११ मध्ये लॅरी पेज पुन्हा मुख्याधिकारी झाले. ॲपलने १९८३ मध्ये जॉन स्कली यांना आणलं, स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये बाहेर पडले आणि १९९७ मध्ये परत आले. पहिल्या ठिकाणी तिघांच्या भूमिका एकमेकांना मान्य होत्या, दुसऱ्या ठिकाणी सत्तेचा झगडा झाला.

स्वतःला विचारा: गेल्या महिन्यात माणसं नेमणं, पैसा उभा करणं आणि विभागांतले वाद मिटवणं यात माझा किती वेळ गेला, आणि त्यातलं काही मला आवडलं का? पुढची पाच वर्षं काम हेच असणार आहे. नको असेल तर कंपनी चांगली चालू असताना बदल करा. अडचणीत असताना तो निर्णय बोर्ड घेतं.

१५. पैसा संपत आलाय, माणसं कमी करावी लागणार. कसं करावं?

शिल्लक रक्कम भागिले दर महिन्याची निव्वळ घट, इतके महिने हातात आहेत. नऊ महिन्यांपेक्षा कमी उरले आणि नवा पैसा लेखी ठरलेला नसेल तर निर्णय त्याच महिन्यात घ्या.

कपात एकदाच करा आणि पुरेशी करा. तीनदा थोडीथोडी केली की प्रत्येक वेळी राहिलेल्यांतले चांगले लोक स्वतःहून जातात. सगळ्यांना एकाच दिवशी, समोरासमोर किंवा व्हिडिओवर, स्वतःच्या व्यवस्थापकाकडून कळावं. व्यवस्थापकांना आदल्या दिवशी काय सांगायचं ते लेखी द्या. नोटीस, थकीत देणी आणि कपातीचे कायदे देशोदेशी निराळे आहेत, वकिलाशी आधी बोला. त्याच दुपारी राहिलेल्यांसमोर आकडे ठेवा: किती पैसा आहे, किती महिने पुरेल. "यापुढे कपात नाही" असं वचन देऊ नका. ते पाळणं तुमच्या एकट्याच्या हातात नसतं.

जुन्या सहकाऱ्यांची नावं यादीत आली तर ९ वा प्रश्न पाहा, पण दोन्ही गोष्टी एकत्र करू नका. कामात कमी पडणाऱ्याला कपातीच्या नावाखाली काढलं तर ते टीमला कळतं.

१६. आम्हाला फार मोठं व्हायचंच नाही. हे चुकीचं आहे का?

नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप सुमारे १,९०० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं तेव्हा तिथे ५५ कर्मचारी होते आणि वापरणारे सुमारे ४५ कोटी. धंदा वाढला की माणसं त्याच प्रमाणात वाढायलाच हवीत असं नाही. मात्र प्रत्येक ग्राहकामागे माणसाचा वेळ लागतो अशा कामात, म्हणजे प्रशिक्षण, दुरुस्ती, सल्ला यांत, हे गणित जमत नाही. तिथे लहान राहायचं म्हणजे ग्राहकांना नाही म्हणायला शिकायचं.

हे ठरलं असेल तर बाहेरचा पैसा घेण्याआधी गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगा. ज्या निधीला ठरावीक वर्षांत पैसा परत करायचा असतो त्याला संथ वाढणारी, नफ्यातली कंपनी फारशी उपयोगाची नसते. हे गुंतवणूक आल्यानंतर उघड झालं तर १४ व्या प्रश्नातला निर्णय तुमच्यासाठी दुसरं कोणीतरी घेतं.